पारूबायची उरलेली गाणी

आमच्या घरातल्या जेवणाला कायम थोडा घासलेटचा वास यायचा. पुढच्या खोलीत अब्बांचा छापखाना, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, आणि मधलं लाकडी दार कधीच नीट लागत नसे. छपाई संपली की अक्षरांचे शिशाचे खिळे घासलेटने धुऊन परत आपापल्या खणात टाकायचे असत. ते काम माझं. हात कितीही घासले तरी बोटांना वास राहायचाच, आणि त्याच हातांनी मी अम्माला सांदणाचं पीठ घोटून द्यायची. शकीलभाई, माझा मोठा भाऊ, खिळ्यांची मापं लावून म्हणायचा, "आज सांदण किती पॉइंटाचं आहे, बारा की सोळा?" अब्बा तेवढ्यावर हसायचे. एरवी ते हसणारे गृहस्थ नव्हते. पनवेलच्या बाजारामागच्या त्या गल्लीत त्यांच्या पायाखाली मशीन चालू झालं की त्याचा खटक-धप, खटक-धप असा ठेका आमच्या भिंतीतून, पाण्याच्या हंड्यातून, माझ्या दातांतून ऐकू यायचा, आणि जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, दुपारी तो बंद पडला की घर बहिरं झाल्यासारखं वाटायचं.

लग्नसराईत छापखान्याला उसंत नसे. उरण रस्त्यावरच्या आगरी गावांतून, खाडीकाठच्या कोळीवाड्यांतून, आमच्या मोहल्ल्यातून, सगळीकडून लग्नपत्रिका यायच्या. अब्बा पाच वक्तांचे नमाजी, पण पत्रिकेवरचा गणपतीचा ब्लॉक ते जुन्या मलमलीत गुंडाळून वेगळ्या डब्यात ठेवीत. त्याच्या सोंडेला कधी चीर गेली नाही. "गिऱ्हाइकाचा देव आहे, जपायला पाहिजे," एवढंच म्हणत. मी मॅट्रिक झाले, दोन वर्षं कॉलेजात गेले, आणि शकीलभाई कुवेतला गेल्यावर अब्बांच्या मदतीला छापखान्यात बसले. खिळे जुळवताना अक्षरं उलटी वाचायची सवय मला इतकी झाली होती, की सरळ छापलेलं पुस्तक हातात घेतलं की क्षणभर चुकल्यासारखं व्हायचं. मला स्वतःचं पुस्तक हवं होतं. कशाबद्दल, ते ठाऊक नव्हतं. नाव कुठे छापायचं, ते मात्र ठरलेलं होतं.

पारूबाय आमच्याकडे चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, घेऊन यायची. कोन गावची. डोक्यावर टोपली, नऊवारी गुडघ्यापर्यंत, कपाळावर आडवं मोठं कुंकू, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी तिने "ए भाबी!" म्हटलं की अम्मा चुलीपासून उठायची. दोघींची मैत्री कशी जमली ते मला कधी कळलं नाही. मी समजत्या वयाची झाले तेव्हा ती होतीच. पारूबाय मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसायची, अम्मा तिला चहा आणि खारी द्यायची, आणि मग चिंबोऱ्यांच्या नांग्या मोडता मोडता दोघी आपापल्या सासवांची उणीदुणी काढायच्या. त्या दोघी सोडून त्या घरात मोठ्याने कोणी हसत नसे. अम्माला मोहल्ल्यात बाकी कोणी जिवाभावाचं नव्हतं. ती रत्नागिरीकडून लग्न होऊन आलेली, तिची बोली इथल्या बायकांना हसू आणायची. पारूबायला ती कधी वेगळी वाटली नाही.

टोपली ही पारूबायची पोटापुरती सोय होती. तिचं खरं काम धवलारणीचं. आगरी लग्नात मांडव घातल्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीला धवला गायचा असतो, आणि तो गाते ती धवलारीण. तिच्याशिवाय हळद लागत नाही, तिच्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही. पाच-सहा गावांतून पारूबायला बोलावणं असायचं. पत्रिका छापायला आलेले लोक अब्बांना सांगायचे, "तारीख बदला, त्या दिशी पारूबाय मोकली नाय." भटजी दुसरा चालायचा. धवलारीण दुसरी चालायची नाही.

शकीलभाईने पहिल्या सुट्टीत कुवेतहून एक मोठा टेपरेकॉर्डर आणला, दोन स्पीकरचा, आणि तो आम्हाला देऊन परत गेला. तेव्हा आखातात गेलेल्यांच्या घरी चिठ्ठीच्या जागी कॅसेट जायची. अम्मा मशीनसमोर बसून पदर सावरायची, "शकील, बेटा, आम्ही सगळे खैरियतीत आहोत" म्हणायची आणि मग रडायची. असंच एकदा पारूबाय आलेली असताना अम्मा म्हणाली, "तू पण बोल ना काही. एकटा आहे तो तिकडे." पारूबाय मशीनकडे संशयाने बघत राहिली, आणि मग बोलायच्या ऐवजी तिने दोन ओळी गायल्या. कशा गायल्या ते मला आजही लिहिता येणार नाही. चिंबोऱ्यांच्या वासाने भरलेल्या त्या मागच्या खोलीत छातीतून वर चढत गेलेला, कुठेही न थरथरणारा तो आवाज. कॅसेट कुवेतला गेली. शकीलभाईने कळवलं की खोलीतल्या सात जणांनी ती रोज लावली, त्यातले चार तर केरळचे होते.

मला माझं पुस्तक सापडलं होतं.

पारूबायने आधी साफ नकार दिला. "धवला मांडवात गायाचा. असा बसून गायला त पाप लागतं गो." मी आठवडाभर मागे लागले. शेवटी अम्मानेच तोडगा काढला. म्हणाली, "आपण छोटासा मांडव करू की. नसीमसाठीच समज. तिच्या लग्नाचा धवला आधीच गाऊन ठेव, अल्ला जाने तेव्हा आपण असू-नसू." पारूबाय हसली, आणि तयार झाली. जुम्याच्या दुपारी अब्बा मशिदीत गेले की मी छापखान्याच्या कोपऱ्यात आंब्याचा टहाळा बांधायची, सुपात तांदूळ आणि हळकुंड ठेवायची, आणि ती तांदळांवर हात ठेवून गायला लागायची. पूर्ण हिवाळाभर आम्ही हे केलं. चाळीस धवले झाले. मी दिवसा खिळे जुळवायची आणि मधल्या वेळात कॅसेट मागे-पुढे करत वहीत उतरवून घ्यायची. पारूबाय माझ्या लिहिण्याकडे बघत बसायची. तिला अक्षर येत नव्हतं. अम्माला उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. त्या दोघींत वाचणारी मी एकटीच होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

पहिल्याच दिवशी पारूबायने अट घातली होती. "ही गानी माजी नाय. माज्या आयसची. चांगुना तिचा नाव. तिनी मना शिकवली. किताबीवर वर तिचा नाव पायजे, खाली माजा. तुजा आत कुठं टाक."

"टाकते," मी म्हणाले.

"तांदलावर हात ठेव."

मी ठेवला.

त्या उन्हाळ्यात वाचनालयाच्या कार्यक्रमाला मुंबईचे एक प्रकाशक आले होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. पांढरा झब्बा, मऊ बोलणं, समोरच्याचं नाव लक्षात ठेवायची सवय. कार्यक्रमाचं पत्रक अब्बांनी छापलं होतं, म्हणून आम्हाला पुढची खुर्ची होती. भाषणानंतर मी वही पुढे केली. त्यांनी उभ्याउभ्या चार पानं वाचली, मग बसून दहा वाचली, आणि मला मुंबईला बोलावलं. अब्बांना सोबत घेऊन एसटीने मी गेले. त्या कार्यालयात छतापर्यंत पुस्तकं होती, आणि मला वाटलं, जन्नतला वास असेल तर तो असा कोऱ्या कागदाचा असणार.

"हे पुस्तक मी करणार," भाऊसाहेब म्हणाले. "भाषा थोडी साफ करावी लागेल. हे येल, पानी, डोला वाचकाला कळायचं नाही. आणि सगळ्या कॅसेट माझ्याकडे ठेवून जा, ताडून बघायला."

मी पारूबायच्या अटीबद्दल बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नसीम, लोकगीताला कवी नसतो. ते लोकांचं असतं. उद्या दुसऱ्या गावची बाई उभी राहील, म्हणेल माझ्या आईचं आहे. कुणाकुणाची नावं घालायची?" मग जरा पुढे वाकून म्हणाले, "आणि खरं सांगू? या पुस्तकाची बातमी तुझ्या नावात आहे. मुसलमान मुलगी, वडिलांचा छापखाना, आगरी लग्नगीतं. चिंबोऱ्या विकणाऱ्या बाईच्या नावाने पेपरवाले उठून बसणार नाहीत."

परतीच्या वाटेवर कळंबोलीच्या आसपास अब्बा एवढंच म्हणाले, "बाईला विचारून घे." मी विचारलं नाही.

महिन्याने मुखपृष्ठाचं प्रूफ आलं. 'मांडवाखालची गाणी', आणि त्याखाली माझं पूर्ण नाव. बाकी काही नाही. मी छापखान्यातली मुलगी. प्रूफ म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको होतं. अजून बदलता येतं तोवरच त्याला प्रूफ म्हणतात. समासात दोन नावं लिहून बाण काढायला अर्धा मिनिट लागला असता. भाऊसाहेब चिडले असते, कदाचित पुस्तकच थांबलं असतं. मी ते प्रूफ दोन दिवस उशाखाली ठेवलं, पुन्हा पुन्हा काढून बघितलं. माझं नाव पहिल्यांदा सरळ वाचत होते, खिळ्यांतलं उलटं नव्हे. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात 'ठीक' लिहून सही केली आणि टपालात टाकलं. आज सभांमधून मी भाऊसाहेबांसारख्या माणसांवर कठोर बोलते, टाळ्या पडतात. ती सही माझी होती, हे एकाही सभेत बोललेले नाही.

पुस्तक आलं. पेपरात फोटो आला, शाल-श्रीफळ झालं, अब्बांनी दोन प्रती काचेच्या कपाटात लावल्या. पारूबाय आली ती नवं लुगडं नेसून. पुस्तक तिने दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, आणि मुखपृष्ठावर अंगठा फिरवत विचारलं, "आयसचा नाव कंचा?"

अम्मा तिच्या शेजारीच बसली होती. दोघीही माझ्याकडे बघत होत्या, दोघींचे चेहरे फुललेले. मी 'मांडवाखालची' या शब्दावर बोट ठेवलं. "हे चांगुना."

"केवडा मोटा! अन् माजा?"

मी 'गाणी'वर बोट ठेवलं. "हे तुझं."

"अन् ह्यो खालचा?"

"ते माझं."

"तू आत टाकते सांगितला व्हतास ना?" ती म्हणाली, आणि लगेच हसून अम्माला कोपराने ढोसलं. "र्‍हाऊ दे र्‍हाऊ दे. पोरीनी एवडी मेहनत केली. भाबी, बग ना, माज्या आयसचा नाव!" अम्मा झुकून त्या अक्षरांकडे बघू लागली. मग तिने आत जाऊन शकीलभाईने पाठवलेल्या मिठाईचा डबा फोडला.

मी अनेकदा स्वतःला विचारलं आहे की तेव्हा मला लाज वाटली का. वाटली. पण तिच्याहून मोठा होता तो सुटकेचा आनंद, की प्रश्न निभावला. झालं ते हेच.

पुढच्या लग्नसराईत त्या गाण्यांची एक कॅसेट बाजारात आली. भाऊसाहेबांनी ताडून बघायला ठेवून घेतलेल्या माझ्या कॅसेट कुठून कुठे गेल्या ते मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मुंबईची एक गायिका, मागे बॅन्जो आणि ढोलकी, धवल्यांची चाल घट्ट करून नाचण्याजोगी केलेली. पनवेलच्या नाक्यावर, एसटी स्टँडवर, रसवंतीत, सगळीकडे तेच. त्यात एक गाणं फारच गाजलं. पारूबाय गायची, 'येल आयली मांडवाला, बाय माजे, येल आयली.' भाषा साफ करताना मी त्याचं 'वेल आली मांडवाला' केलं होतं. गायिकेनेही तेच गायलं. आजही हळदीला डीजेवर ते लागतं, आणि लग्नपत्रिकांवर त्या ओळीखाली वेलबुट्टी छापलेली मी स्वतः पाहिली आहे.

कोनच्याच एका लग्नाची पत्रिका आमच्याकडे छापली होती, म्हणून आम्हाला बोलावणं होतं. मी आणि अम्मा गेलो. हळदीची दुपार होती, मांडवात बायका दाटीने बसलेल्या, मागे तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीच्या रश्श्याचा वास. नवरी मॅट्रिक झालेली होती, गावातली पहिलीच, याचं सगळ्यांना कौतुक. पारूबाय सूप घेऊन पाटाशी उभी राहिली आणि तिने सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला लाउडस्पीकर लागला. तेच गाजलेलं गाणं, बॅन्जोवर. पारूबायने आवाज चढवला. पण भोंग्यापुढे माणसाचा गळा किती चढणार? तिने थांबून हात हलवला, "बंद करा तो, हलद लागतेय."

नवरीचा मामा पुढे आला. वाईट माणूस नव्हता, लगबगीत होता. "मावशे, आता कॅसेट हाय ना. तेच गानं हाय. तू बस, भाकर खा."

"तेच नाय," पारूबाय म्हणाली. "ती बाय चुकीचा गाते. येल म्हंजे झाडाची येल नाय रे. येल म्हंजे वखत! नवरीचा वखत आयला, असा हाय तो. हलदीला नाय गात तो, बोहल्याला गातात."

पोरी हसल्या. कोणीतरी म्हणालं, "म्हातारे, आता तुला कोन इचारतं?" पारूबाय ताठ उभी राहिली. तिने कमरेची पिशवी सोडली, त्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पुस्तक काढलं. सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "ही बगा. ही गानी माज्या आयसची. छापलेली हायत. आमचा दोगींचा नाव हाय हिच्यावर." आणि मग नवरीपुढे धरलं. "तू शिकलेली हायस ना गो पोरी? वाच. मोट्यानी वाच."

अम्माने अभिमानाने माझा हात दाबला. मला उठून पळून जायचं होतं.

हळदीने पिवळे झालेल्या हातांचे डाग पडू नयेत म्हणून नवरीने पुस्तकाला हात लावला नाही. मान वाकवून ती वाचू लागली. "मांडवाखालची गाणी." मग माझं पूर्ण नाव.

"बाकीचा वाच."

"एवढंच हाय, मावशे."

"वरती काय लिवलंय, तो वाच."

"तेच वाचला ना. मांडवाखालची गाणी."

कॅसेट वाजतच होती. पारूबायने पुस्तक आपल्याकडे वळवलं, त्या दोन शब्दांवर आपलं बोट ठेवलं, मी ठेवलं होतं तस्सं, आणि मान वर करून गर्दीत मला शोधलं. ओरडली नाही. मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "तू बोट ठेवून दाकवला व्हता." मग तिने पुस्तक पुन्हा प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलं, पिशवीत ठेवलं, सूप नवरीच्या आईकडे दिलं आणि मांडवाबाहेर चालत गेली. अम्मा तिच्या मागे धावली. मी तिथेच बसून राहिले. कोणीतरी माझ्यापुढे भाकरी ठेवली. मी ती खाल्लीही.

त्या लग्नानंतर पारूबायला पूर्वीसारखी बोलावणी येईनाशी झाली. कॅसेटला मानपान लागत नाही, कॅसेटची तारीख अडत नाही. पुढे तिच्या गावाकडच्या जमिनी गेल्या, रस्ते आले, आणि ती एका बांधकामावर घमेली उचलायला जाऊ लागली असं कोणाकडून तरी कळलं. आमच्याकडे ती पुन्हा आली नाही. अम्मा दोनदा एसटीने कोनला जाऊन आली. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. माझ्याशी ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती माझं ताट वाढायची, माझे कपडे वाळत घालायची, ताप आला तर कपाळावर पट्टी ठेवायची, पण माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघायची. एकदाच म्हणाली, "मला मराठी वाचता येत नाही म्हणून मला पण फसवलंस."

त्या घरात राहणं अशक्य झालं तेव्हा भाऊसाहेबांनी नोकरी देऊ केली. मी घेतली. मनाला सांगितलं, आत राहून सगळं दुरुस्त करीन. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मी भांडून-भांडून आतल्या पानावर दोन ओळी घालून घेतल्या, चांगुनाबाई आणि पारूबाई, दोघींची नावं. ती प्रत घेऊन कोनला गेले. पारूबाय ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. केस पांढरे झाले होते. तिने प्रत हातात घेतली, पण नाव कुठे आहे ते विचारलं नाही. माझ्या बोटावर ती पुन्हा विसंबणार नव्हती.

प्रत सुपाशेजारी ठेवून म्हणाली, "चालीस लिवलीस तू. माज्यापाशी अजून लय हायत. मोजली नाय कवा. ती मी तुला तवा दिली नव्हती."

"का?"

"सगला एकदम देत नाय मानूस." ती सुपातले खडे वेचत राहिली. "पोरी शिकाया येत नाय. माजी लेक पन नाय. लाज वाटते तिला. मी तुज्यावर रागावलेली हाय, ती हायच. पन आयसची गानी काय माज्या रागाची नाय. तू ये. शुक्रवारी ये, पयल्यासारकी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणाले, येते. मनापासून म्हणाले. पहिल्या शुक्रवारी कार्यालयात बैठक होती. पुढच्या शुक्रवारी पुस्तकमहोत्सवाला नागपूरला जायचं होतं. त्यानंतर किती शुक्रवार गेले ते मला सांगता येणार नाही. माणूस दुसऱ्याला वाईट हेतूनेच बुडवतो असं वाटतं लोकांना. मी कामात बुडाले होते.

सुमारे वर्षाने एका मंगळवारी कार्यालयात फोन आला. अम्माने शेजाऱ्यांच्या घरून लावला होता. इतक्या दिवसांत तिने स्वतःहून केलेला तो पहिला फोन. "पारू पडून आहे. तुला बोलावते. टेपचं मशीन घेऊन ये म्हणते."

माझ्यापुढे अर्धा लेख पडला होता. गाणाऱ्या बाईच्या गळ्यातून निघालेलं गाणं पुस्तक, कॅसेट आणि बाजार या वाटेने जाताना तिच्या हातून कसं निसटतं, याबद्दलचा. पुढे कलेच्या अर्थकारणावर मी जे काही लिहिलं, ज्यावर माझं स्वतःचं प्रकाशन उभं राहिलं, ज्यासाठी आजही परिषदांतून मला गाडी पाठवून नेतात, ते सगळं त्या लेखातून निघालं. त्यात पारूबाय होती, पानोपानी. शनिवारी तो द्यायचा होता.

"अम्मा, शनिवारपर्यंत गुंतले आहे. रविवारी सकाळी पोचते. सांग तिला."

पलीकडे अम्माने फोन ठेवला.

रविवारी नवे सेल आणि सहा कोऱ्या कॅसेट घेऊन मी कोनला पोचले. दारात पारूबायची लेक बसली होती. तिने मला ओळखलं, उठली, आतून पाट आणला. पारूबाय शुक्रवारी गेली होती. लेकीने चहा केला. मी तो दोन्ही हातांत धरून बसले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, त्रास झाला का फार.

"तरास नाय. गात व्हती," ती म्हणाली. "बुदवारी सकालपासून जी लागली ती थांबलीच नाय. दोन दिस. पानी पाजला का पुन्ना गायाची."

"कोणती गाणी?"

"तुमच्या किताबीतली नाय. ती आमाला कॅसेटनी पाठ हायत. ही दुसरीच व्हती, आमी कवा ऐकलेली नाय." तिने पदराने कप पुसून खाली ठेवला. "शेजारनी बोलाया लागल्या, पोरांचा अभ्यास व्हत नाय म्हून. मग आमी दार लावून घेतला."